पुढचं चाक

अस्मिता बापाच्या सायकलच्या दुकानात बसायला लागली, तेव्हा अंबरनाथच्या शिवमंदिर रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, पोरीची ही चार दिवसांची हौस आहे. आनंदनगर एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत ती पॅकिंगला होती, तिथली अख्खी लाईन मंदीच्या वर्षी बंद पडली आणि बऱ्याच पोरी एकदम घरी बसल्या. कुणी शिवणकाम धरलं, कुणी पार्लरचा कोर्स लावला. अस्मितानं शटरच्या आतला स्टूल धरला.

"पप्पा, मला शिकवा," ती म्हणाली.

बबन ट्यूबवर कानस घासत होता. त्यानं वरही बघितलं नाही. "शिकवत नसतात. बघायचं असतं."

त्याला तरी कुणी शिकवलं होतं? उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात तो मिसरूड फुटायच्या आधी लागला. तिथला जनू मेस्त्री बोलायचा कमी आणि मारायचा जास्त. चुकलं की पाना बोटांवर बसायचा; का बसला, ते आपलं आपण शोधायचं. त्या तालमीतून बबन असा तयार होऊन बाहेर पडला की चाक हवेत फिरवून डोळे मिटले, तरी कुठल्या बाजूचा बेअरिंगचा छर्रा फुटलाय ते सांगायचा. शिवमंदिरापासून स्टेशनापर्यंत त्याच्या हाताला नाव होतं. फक्त तो हात काय करतो, हे शब्दांत सांगायची वेळ आली की गडी अडायचा.

"पप्पा, चाकाच्या दांड्यावरचा हा कोन किती आवळायचा?"

"पुरेल एवढा."

"पण पुरेल म्हणजे किती?"

"हात सांगतो."

अस्मिताचा हात तिला काहीएक सांगत नव्हता. मग ती दुपारच्या सामसुमीत गुरुदत्तच्या सायबर कॅफेत जाऊन बसायला लागली. गुरुदत्त तिच्याच वर्गातला, त्यामुळे कोपऱ्यातला कंप्युटर तिला मिळायचा. कानाला हेडफोन लावून ती यूट्यूबवर सायकल दुरुस्तीचे व्हिडिओ बघायची. एक दाढीवाला गोरा माणूस स्वच्छ टेबलापाशी उभा राहून एकेका भागाचं नाव घ्यायचा, तो काय करतो ते सांगायचा, आणि तसंच का करायचं तेही सांगायचा. कॅफेचं नेट रडतखडत चालायचं. गोऱ्याचा हात मध्येच हवेत थिजायचा, पडद्यावर गोल चकती फिरत राहायची. अस्मिता ताटकळत बसायची. पण तिच्या 'का'ला उत्तर देणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं. बबनला हे ठाऊक होतं. आवडत नव्हतं, पण तो बोलत नव्हता.

बोलायची वेळ शनिवारी आली. बबन माल आणायला उल्हासनगरला गेला होता आणि दुकान अस्मिताच्या हवाली होतं. पाववाल्याची जुनी सायकल आउट काढायला, म्हणजे चाक सरळ करून घ्यायला, आली. मागचं चाक डगमगत होतं. गोऱ्यानं सांगितलं होतं की सगळ्या तारा सारख्या ताणायच्या, बोटानं छेडलं की सगळ्यांचा आवाज एक आला पाहिजे. अस्मिता छेडत गेली, आवळत गेली. आवाज जवळजवळ जुळत आला होता, आणि टण्णकन सगळी रिम अंगातून पिळवटली. चाकाचा तळलेला पापड झाला.

बबन परतला तेव्हा दुकानासमोर पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं ते चाक उचललं, उजेडात धरलं, आणि समोरच्या खिळ्याला टांगलं.

"आता विचार तुझ्या कंप्युटरला, पावाची पाटी घरोघर कशी पोचवायची."

लोक हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. थोड्या वेळानं, गर्दी ओसरल्यावर, बबन जरा खाली आवाजात म्हणाला, "त्या गोऱ्याची रिम नवी असते. ही माझ्या लग्नाच्या वेळची. जुनं लोखंड किती सोसेल ते बघून आवळावं लागतं." त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड स्पष्टीकरण होतं. पण अस्मिताच्या कानात अजून लोकांचं हसू होतं. तिला ते ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच राजसी सबनीस सायकल ढकलत आली. तिचे वडील चिंतामणी सबनीस आनंदनगरच्या एका कंपनीत मॅनेजर होते. राजसीची शाळेतली सायकल वर्षानुवर्षं बबनकडेच यायची. आता ती कॉलेजात गेली होती आणि तिच्या मावसभावानं परदेशातून येताना स्वतःची वापरलेली गियरची सायकल तिला आणून दिली होती. हलकी, बारीक टायरांची, रंग थोडा उडालेला.

"काका, पुढचं पंक्चर आहे. लवकर द्याल का? बदलापूरला ग्रुप थांबलाय. बारवी धरणाच्या रस्त्याला जायचंय आम्हाला."

"जेवढा वेळ लागायचा तेवढा लागणार," बबन म्हणाला, पण हात चालू झाले होते. पुढच्या चाकाच्या मध्यातून एक दांडा गेला होता. त्याच्या एका टोकाला नट होता आणि दुसऱ्या टोकाला वळणारी छोटी लिव्हर. पाना न लावताच चाक सुटलं. बबनला त्याचं कौतुक वाटलं. ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे दिसले, ठिगळ बसलं, हवा भरली. मग त्यानं चाक हँडलखालच्या चिमट्यात बसवलं आणि ती लिव्हर धरून गरागरा फिरवत नेली, जसा कान असलेला नट आपण बोटांनी फिरवतो तशी. शेवटी दात आवळून अर्धा फेरा आणखी दिला. चाक हलवून बघितलं. ते ढिम्म हललं नाही.

"घट्ट."

अस्मिता शेजारीच पंप धरून उभी होती. ती लिव्हर बघून तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. कधीतरी तिनं तो व्हिडिओ लावला होता. गोऱ्यानं लिव्हर फिरवली नव्हती, ती तळव्यानं दाबून आडवी केली होती. की तो मागच्या चाकाचा व्हिडिओ होता? नेट अडकलं होतं आणि तिनं तो अर्ध्यातच सोडला होता.

"पप्पा, ते..."

बबननं मान वर केली. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातला एक कालचा होता. खिळ्यावरचं वाकडं चाक वाऱ्यानं जरासं हललं.

"काय?"

"काही नाही."

राजसीनं हेल्मेट अडकवलं आणि ती गेली.

अस्मितानं पंप जागेवर ठेवला. एक ट्यूब हातात घेतली, खाली ठेवली. गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, तिला समजेना. "चहा सांगून येते," म्हणाली आणि चहाच्या टपरीवरून तशीच पुढे कॅफेकडे वळली. गुरुदत्त नुकताच शटर उघडत होता.

"इतक्या सकाळी? अजून झाडलं पण नाय गं."

"गुरू, कंप्युटर चालू कर. प्लीज. आत्ता."

तिचा चेहरा बघून त्यानं पुढे काही विचारलं नाही. पण त्या यंत्राला कुणाच्या चेहऱ्याशी काय देणंघेणं? ते आपल्या चालीनं उघडलं. नेट लागता लागेना. मग व्हिडिओ सापडेना, कारण त्या लिव्हरला काय म्हणतात ते तिला आठवेना. तिनं अंदाजानं दोन-तीन शब्द टाकले. तिसऱ्या खेपेला दाढीवाला दिसला. त्यानं लिव्हर बोटात धरली आणि चकती फिरायला लागली.

"हे असंच करतं सकाळी," गुरुदत्त मागून म्हणाला.

राजसी एव्हाना कुठे असेल? फॉरेस्ट नाका? त्याच्याही पुढे? अस्मितानं टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली. चित्र हललं. गोऱ्यानं लिव्हर नटासारखी फिरवून दाखवली, आणि मग तिच्यावर बोटानं काट मारली. हे कधीच नाही, तो सांगत होता. अशी फिरवून लावलेली लिव्हर हाताला घट्ट लागते, पण रस्त्याच्या हादऱ्यांनी ती सैल होत जाते. ती वळवून, दाबून, बंद करायची असते. तळव्यावर तिचा वळ उठला पाहिजे. नाहीतर पुढचं चाक निघून येईल.

इंग्रजी तिला अर्धंमुर्धंच यायचं. पण तेवढं कळायला अर्धंमुर्धं पुरेसं होतं.

ती धावत दुकानात आली. "पप्पा, राजसीचं चाक निघेल."

बबन एका सायकलची चेन चढवत होता. "कुठलं चाक?"

"आत्ता तुम्ही लावलेलं. ती लिव्हर फिरवायची नसते. दाबायची असते. मी बघून आले."

"कुठे बघून आलीस?"

तिनं मानेनं कॅफेकडे खूण केली. बबननं हात पुसला. त्याच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. "कालचं ते चाक बघितलंस ना? ते पण बघूनच केलं होतंस. ह्या हातानं मी आवळलंय ते. तुझ्या जन्माच्या आधीपासून चाकं आवळतोय. आजपर्यंत एकाचं निघालं नाही."

गिऱ्हाइकं बघायला लागली.  काल अस्मिता याच जागी मान खाली घालून उभी होती. या वेळी तिनं घातली नाही.

"पप्पा, तुमच्या हातावर माझा भरवसा आहे. पण तो नट नाहीये. तो नटासारखा दिसतो, पण नट नाहीये. ती पोरगी धरणाच्या उतारावर चाललीय."

 बबनची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून तो काहीतरी आठवायला लागला. ती लिव्हर फिरवताना शेवटी कशी लागली होती? नट बसतो तेव्हा तो आतून बसतो, हाताला समजतं. ही बसली नव्हती, नुसती अडली होती. त्या वेळी त्याला ते जाणवलंही होतं, पण नव्या धर्तीची वस्तू आहे म्हणून त्यानं तिकडे काणाडोळा केला होता.

"फोन लाव सबनीससाहेबांना."

"नंबर कुठंय आपल्याकडे?"

बबननं चेन तशीच लोंबती टाकली. "भावांनो, नंतर या," असं गिऱ्हाइकांना म्हणत त्यानं शटर खाली ओढलं, कुलूपही लावलं नाही. दुकानाच्या बाजूला त्याची जुनी मोपेड उभी असायची. तिसऱ्या लाथेला ती सुरू झाली.

बदलापूरचा रस्ता त्या वर्षी जागोजागी उखडलेला होता. कंपन्यांचे टँकर धूळ उडवत जात होते. अस्मिता मागे बसून बापाच्या खांद्यावरून पुढे बघत होती. सायकलवरची प्रत्येक पाठ तिला राजसीची वाटायची, जवळ आल्यावर भलताच कुणी निघायचा. रस्त्याच्या कडेला दोन ठिकाणी माणसं घोळक्यानं उभी दिसली.  एके ठिकाणी टेम्पो बंद पडला होता, दुसरीकडे शेवग्याच्या शेंगा स्वस्त होत्या. प्रत्येक खड्ड्याला मोपेड आदळायची आणि प्रत्येक आदळण्यासरशी तिला ती लिव्हर केसभर सैल होताना दिसायची.

बबन एकदाच बोलला. "फिरवून लावलं तर किती वेळ टिकतं, ते सांगितलं का त्यानं?"

"नाही."

"मग काय सांगतो तो?"

बदलापूर स्टेशनासमोरच्या चहावाल्याला ग्रुप माहीत होता. हेल्मेटवाली पोरं ना? चहा पिऊन गेली, एक मुलगी उशिरा आली तिची वाट बघत थांबली होती. मघाशीच निघाली. मघाशी म्हणजे कधी, हे त्याला सांगता येईना.

पश्चिमेला येऊन त्यांनी नदीवरचा पूल ओलांडला. घरं विरळ झाली, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आलं. मुळगाव मागे पडलं आणि चढ सुरू झाला. दोघांचं ओझं घेऊन मोपेड कण्हायला लागली. मग तिचा आवाज बसला, आणि एका वळणावर ती बंदच पडली. बबननं लाथ मारली, पुन्हा मारली. इंजिनातून गरम वास येत होता.

"तापलीय. राहू दे. चल."

दोघं पायीच चढायला लागले. बबनचा श्वास लवकरच फुलला. वर रस्ता डोंगराच्या कुशीत वळत गेला होता. जरा पुढे पाईपलाईनसाठी रस्ता आडवा खणून बुजवला होता. तिथं मातीचा चांगला गुडघाभर उंचवटा राहिला होता. ते त्याच्या अलीकडे असतानाच वरून सायकलींची सरसर ऐकू आली.

वर जाऊन परत फिरलेली ग्रुपमधली दोन पोरं उतरत होती. उंचवटा आला तशी त्यांनी हँडल वर खेचलं, पुढची चाकं उचलली आणि आनंदानं ओरडत त्यावरून उड्या मारल्या. अस्मितानं हात हलवले. एकजण बराच पुढे जाऊन थांबला.

"राजसी कुठाय?"

"येतेय ना मागून. काय झालं?"

उत्तर द्यायला अस्मिता थांबली नाही. "पप्पा, आपण रस्त्यात आडवं उभं राहू. थांबवू तिला."

"नको!" बबननं तिचा दंड पकडला. तो धापा टाकत होता, शब्द तुटत होते. "एकदम समोर आलो तर बिचकेल. ऐक. चाक सैल असलं तरी अंगाच्या वजनानं जागेवर बसून राहतं. चिमटा त्याच्यावर दाबलेला असतो. उचललं की निघतं. ह्या पोरांनी उचललं ना आत्ता? तीही उचलणार. तिला उचलू द्यायचं नाही."

आयुष्यात तो एवढं सलग कधी बोलला नव्हता. आणि लगेच तो त्या उंचवट्याच्या दिशेनं पळत सुटला, त्या वयात, पायात चपला असताना. अस्मिता त्याला मागे टाकून पुढे गेली.

वरच्या वळणावर राजसी दिसली. अंग पुढे झुकवून, वेगात. तिच्या चेहऱ्यावर वाऱ्याचं सुख होतं.

"उचलू नको!" अस्मिता ओरडली. "राजसी! चाक उचलू नको!"

राजसीनं ऐकलं की नुसतं बघितलं, कोण जाणे. तिनं एक हात सोडून ओळख दिली.

"दोन्ही हात!" मागून बबनचा आवाज आला. दुकानात कधीच न चढलेला तो आवाज डोंगरावर जाऊन आपटला. "हँडल दाबून धर! खाली दाब! हळू, मागचा ब्रेक! मागचाच!"

राजसीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिला काही समजलं नव्हतं, पण काका ओरडतायत एवढं समजलं होतं. हात हँडलवर परतले, सायकल डळमळली. आणि आता त्या तिघांनाही ऐकू येत होतं, पुढच्या चाकातून येणारं बारीक खडखड. उंचवटा जवळ येत होता. वेग कमी झाला, आणखी कमी झाला. सवयीनं तिचे खांदे मागे गेले, हँडल उचलायला.

"दाब!"

तिनं दाबलं. पुढचं चाक मातीवर चढलं, माथ्यावर आलं आणि पलीकडे उतरायला लागलं. तेवढ्या एका क्षणात चिमट्यावरचं वजन सुटलं आणि चाक निघालं. ते एकटंच निघालं आणि ऐटीत, सरळ, अस्मिताच्या बाजूनं घरंगळत खालच्या चरात गेलं. चिमटा मातीत रुतला. राजसी हँडलवरून पुढे फेकली गेली आणि हात टेकून पडली.

वेग माणसाच्या चालण्याएवढाच उरला होता. मघाच्या वेगात ती त्या पोरांसारखी उडाली असती तर काय झालं असतं, याचा विचार अस्मितानं त्या वेळी केला नाही. पुढे कित्येक दिवस मात्र ती तोच करत होती.

राजसीचं मनगट मोडलं होतं. कोपर सोलवटलं होतं. ती रडत नव्हती, "काय झालं, काय झालं पण," एवढंच विचारत होती. खालून एक जीप येत होती. ग्रुपमधल्या पोरांनी ती थांबवून वळवली आणि तिला घेऊन ती बदलापूरला गेली. जाताना एकानं तिच्या वडिलांना फोन लावला.

रस्त्यावर बबन, अस्मिता आणि ती सायकल उरली. बबननं चरात उतरून चाक आणलं, गवत झटकलं. दांडा त्यातच अडकून राहिला होता. तो उंचवट्यावर बसला आणि कितीतरी वेळ ती लिव्हर नुसती उघडमीट करत राहिला.

"सकाळी तू 'पप्पा, ते' म्हणालीस. तेव्हाच कळलं होतं तुला?"

"शंका आली होती."

"मग बोलली का नाहीस?"

 "लोक होते."

बबननं मान हलवली. त्यानं समजूत काढली नाही, चूक कबूलही केली नाही. चाक तिच्यापुढे धरलं. "दाखव."

तिनं चाक चिमट्यात बसवलं. पडद्यावर बघितलेलं आणि हातात असलेलं यांत किती अंतर असतं, ते तिला आता कळत होतं. तिनं लिव्हर दाबली. ती सहज मिटली, काहीच जोर लागला नाही. "असं नाही. तळव्यावर वळ उठायला पाहिजे म्हणाला."

"मग पलीकडचा नट अर्धा फेरा घे." तिनं घेतला. बबननं लिव्हरवर तळवा ठेवून हलकेच अंदाज घेतला. "अजून थोडा. बस. आता दाब."

तिनं सगळं बळ लावून दाबलं. लिव्हर कुरकुरत मिटली. बबननं पुढचं चाक उचलून जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फारच जोरात. मग ती लिव्हर उघडून त्यानं स्वतः मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"आतून बसतंय," तो म्हणाला. "हां. हे बसणं आहे."

वाटेत मिळालेल्या टेम्पोत सायकल टाकून दोघं बदलापूरच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा व्हरांड्यात चिंतामणी सबनीस येरझाऱ्या घालत होते. घरच्या लेंग्यावरच आले होते. आत राजसीच्या हाताला प्लास्टर घालणं चाललं होतं. बबननं सायकल भिंतीला टेकवली आणि तो सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, चाक मी चुकीचं लावलं होतं. मला ते लावता येत नव्हतं आणि मी विचारलं नाही."

सबनीस थांबले. पोरांकडून त्यांना अर्धवट काहीतरी समजलं होतं, पण असं उघड कानावर येईल अशी त्यांची तयारी नव्हती. "लावता येत नव्हतं? बबनराव, पोरगी पहिली सायकल शिकली तेव्हापासून तुमच्याकडे पाठवतोय मी. का? तुम्ही हात लावला की बघायला नको म्हणून!"

"होय साहेब."

"होय काय? तिचं डोकं आपटलं असतं म्हणजे?"

"काका," अस्मिता मध्ये पडली.  "मला शंका आली होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

सबनीस तिच्याकडे वळले.  अस्मिताला वाटलं, हे आता ओरडतील, कदाचित पोलिसांत जाऊ म्हणतील. बापाच्या शर्टाला पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता; ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. आतून राजसीचा आवाज आला, "बाबा, काकांना ओरडू नका. त्यांनी सांगितलं म्हणून मी उडी मारली नाही."

सबनीसांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "आत्ता माझ्या मनात काय काय येतंय ते मी बोलत नाही," ते म्हणाले. "तुम्ही जा. दोघंही जा."

ते गेले. तापलेली मोपेड अजून त्या चढावरच उभी होती. तिथवर परत जाऊन ती ढकलत ढकलत मुळगावपर्यंत आणली, तिथं ती सुरू झाली.

सबनीसांनी पोलिसांत तक्रार केली नाही. दुकानात मात्र त्यांचं पाऊल पुन्हा पडलं नाही. राजसीची सायकल त्यांनी डोंबिवलीच्या एका दुकानात लावली. बाजारात बबन समोरून आला, तर ते मान हलवून पुढे जायचे. बबननं ते बिनतक्रार सोसलं. अस्मिताला त्याचा त्रास व्हायचा. तो म्हणायचा, "त्यांच्या जागी मी असतो तर मानही हलवली नसती."

पण त्या ग्रुपमधली ती दोन पोरं एक दिवस आपल्या सायकली घेऊन आली. मग त्यांच्या ओळखीची आणखी काही. गियर, बारीक टायर, तारांचे ब्रेक. आधी बबन त्या सायकलींना हात लावायलाच धजत नव्हता. नंतर एका दुपारी गुरुदत्तच्या कॅफेत सगळ्यांनी वळून बघितलं: बबन मेस्त्री हेडफोन लावून अस्मिताच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो फक्त गोऱ्याचे हात बघत होता आणि मधूनमधून मोठ्यांदा म्हणत होता, "थांबव, थांबव. परत मागे घे. पाना त्यानं कसा धरला?" चकती फिरायला लागली की तो स्वस्थ बसायचा. आणि अस्मितानं 'का'चं उत्तर मराठीत सांगितलं की कधी "बरोबर आहे" म्हणायचा, तर कधी "चूक आहे, आपल्याकडच्या धुळीत हे चालायचं नाही."

दुकानात मात्र पहिल्यासारखी शांतता राहिली नाही. काम चालू असतानाच बापलेकीची जुंपते. गिऱ्हाईक उभं असतं, त्याला घाई असते, आणि हे दोघं चाकाच्या एका कोनावरून तावातावानं भांडत असतात. तो म्हणतो सैल आहे, ती म्हणते बरोबर आहे. चाक एकदा त्याच्या हातात जातं, एकदा तिच्या. दोघांचं एकमत झाल्याशिवाय सायकल बाहेर पडत नाही.

"अहो, द्या ना आता," गिऱ्हाईक म्हणतं.

"थांबा जरा," बबन म्हणतो. "ती काय म्हणतेय ते ऐकू द्या."